बिनपेंटोची धाकटी

रमाईच्या फोटोला हार घालून झाला, मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण म्हणायला सगळे हात जोडून उभे राहिले आणि नेमका तेव्हाच कल्याणीचा फोन वाजला. बेबीने डोळे उघडले नाहीत, पण तिच्या कपाळावरची आठी सगळ्यांना दिसली. कॅनडातल्या मिल्टनच्या या घरात वंदनेच्या वेळी फोन बंद ठेवायचे, आणि हा नियम दुसऱ्या कुणी नाही, कल्याणीनेच घातला होता.

ती फोन घेऊन मडरूममध्ये गेली. बर्फाने माखलेले बूट आणि ओली जॅकेटं यांच्या गर्दीतून तिचा आवाज येत होता. "येस. नो, आय अंडरस्टँड. येस." इकडे गुणवंतने वंदना संथ केली. लेक परत येईपर्यंत पंचशील संपू नये एवढाच त्याचा हेतू होता, पण त्याच्या थोरल्या भावाच्या, सुखदेवच्या, ते लगेच लक्षात आलं.

"गुणवंता, गाडी सिग्नलला उभी केलीस काय?" तो पुटपुटला.

शेवटचं साधु, साधु, साधु झालं तेव्हा कल्याणी दारात उभी होती.

"उद्या सकाळी कस्टमरचे लोक येतायत," ती म्हणाली. "पोस्टपोन करायला तयार नाहीत. डिझेल स्टार्ट झालं नाही तर चारही कॅन्सल."

"चारही?" बेबीने विचारलं. "तीन तर छान चालतात की."

"घ्यायच्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही. डील तसंच आहे, आई."

या चौघी म्हणजे कल्याणीने तिच्या कंपनीसाठी घडवलेली इंजिनं. मेन लाइनवर आगगाडी ओढणारी. बेबीने लेकीच्या लग्नाची आशा सोडली तेव्हापासून ती त्यांना नाती म्हणायची. आधी टोमणा म्हणून, मग सवयीने, आणि अलीकडे तर भुसावळच्या बहिणीला फोनवर चक्क अभिमानाने. कल्याणीची कल्पना ऐकायला सोपी होती. सांगाडा एकच, केबिन एकच, चाकं तीच. पोटाखालच्या जागेत ट्रान्सफॉर्मर टांगला की विजेचं इंजिन झालं. त्याच जागी, त्याच बोल्टांवर इंधनाची टाकी टांगली की डिझेलचं. प्रत्येक भाग म्हणजे एक मॉड्यूल, हवं ते घाला, नको ते काढा. थोरली विजेवर प्रवासी गाड्या ओढायची, दुसरी विजेवर मालगाड्या, तिसरी, पोटाखाली दोन्ही निम्मं निम्मं घेऊन, वीज असेल तिथे विजेवर आणि नसेल तिथे डिझेलवर पळायची. राहिली धाकटी, निव्वळ डिझेलवरची. वरच्या तारेतून वीज घेणारा तो घडीचा दांडा, ज्याला सगळे रेल्वेवाले पेंटो म्हणतात, तो तिच्या टपावर नव्हताच. टप सपाट. आणि हीच धाकटी काल यार्डात सगळ्यांच्या देखत रुसून बसली होती.

जेवायला पुऱ्या, खीर आणि वांग्याचं भरीत होतं. कॅनडातल्या वांग्यांना चव नसते असं बेबी दर वेळी म्हणायची आणि दर वेळी पातेलं चाटूनपुसून रिकामं व्हायचं. आज मात्र कल्याणीने पुरी मोडून नुसतीच ताटात ठेवली होती.

"मी सांगू का?" गुणवंत म्हणाला. "त्यांना म्हणावं, डिझेल बाजूला ठेवा आणि तीन घ्या. आता कोण डिझेल घेतं? सगळं जग विजेवर चाललंय."

"जग चाललं असेल," सुखदेव म्हणाला. "मिल्टनच्या स्टेशनावर जाऊन वर बघ. तार दिसते का? नुसतं आभाळ आहे. तुझी वीज काय आभाळातून काढणार?"

हे भांडण जुनं होतं. सुखदेवने अख्खी नोकरी पुण्याच्या डिझेल शेडमध्ये काढली आणि धाकट्या भावालाही तिथेच चिकटवायचं ठरवलं होतं. गुणवंतने त्याला न विचारता भुसावळचं इलेक्ट्रिक शेड पत्करलं. वडिलांमागे ज्याला हाताला धरून वाढवलं, तो पोरगा आपल्याला ओलांडून गेला, हे सुखदेवला लागलं ते लागलंच. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांना काही बोलायचं असलं की एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवायचे. ओटावात मुलाकडे राहायला आल्यापासून सुखदेवने पुतणीच्या कामाचं नाव खिचडी ठेवलं होतं. धड डाळ नाही, धड भात नाही.

म्हणूनच तो पुढे जे बोलला ते ऐकून कल्याणीने मान वर केली.

"पोरी, धाकटीला टाकायचं नाही. डिझेल कधी रुसत नाही. ते कशाला तरी अडलेलं असतं. नीट सांग, काय करतं ते?"

"मोठेबाबा, काहीच करत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. ड्रायव्हर स्टार्ट दाबतो. ऑइल पंप सुरू होतो. सगळे दिवे हिरवे. आणि स्क्रीनवर येतं, वेटिंग. मग तसंच राहतं. फॉल्ट नाही, अलार्म नाही. बॅटऱ्या बदलल्या, हीटर बदलले, फ्युएल लाइन उघडून बघितली. थंडीने असेल म्हणून शेडमध्ये आणून गरम केलं. तरी वेटिंग."

"कशासाठी वेटिंग?"

"ते नाही सांगत." कल्याणीने समोर बघितलं. समोर तिचा धाकटा भाऊ कपिल बसला होता. इंजिनाच्या मेंदूचं सॉफ्टवेअर जवळच्या किचनर शहरातल्या ज्या कंपनीने केलं त्या कंपनीत तो होता. "ज्यांना माहीत असेल ते म्हणतायत, सॉफ्टवेअर इज फाइन."

"ताई, ते फाइन आहेच," कपिल म्हणाला. "तेच सॉफ्टवेअर तिसरीला स्टार्ट करतं. डिझेलवरसुद्धा. आम्ही लॅबमध्ये टेस्ट बेंचवर हजार वेळा रन केलंय."

"मग उघडून एकदा बघ ना माझ्यासाठी."

"प्रोसेस असते. तुमच्या तक्रारीचं टिकेट आलंय. मंडेला..."

"मंडेला सगळं संपलेलं असेल, कपिल!"

यामिनीने टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय दाबला. ती बँकेत होती, समजूतदार होती, आणि कपिलच्या कंपनीत मागच्याच महिन्यात बरीच माणसं कमी केली होती. "ताई, त्याच्या हातात असतं तर त्याने केलं असतं," ती सौम्यपणे म्हणाली. "मॅनेजरने क्लिअरली सांगितलंय, साइटवर कुणी काही बोलायचं नाही."

"तिची बहीण का साइट आहे?" बेबी म्हणाली. नक्की कुणाची बहीण आणि कुठली साइट, हा गोंधळ तिचा तिलाही कळला, पण राग सगळ्यांना कळला.

कल्याणी वडिलांकडे वळली. "आणि बाबा, तुम्ही म्हणता तीन घ्या. तीनच घेतल्या तर एकच सांगाडा कशाला हवा होता? सहा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की कुठलीही घ्या, घराणं एकच आहे. तुमचा त्याच्यावर कधी विश्वासच नव्हता ना?"

गुणवंतचा खरं म्हणजे नव्हता. विजेचं ते विजेचं आणि डिझेलचं ते डिझेलचं, असंच त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. लेक हे ओळखून होती आणि तरीही दर महिन्याला त्याला इंजिनांचे नकाशे दाखवत होती, याची त्याला आत्ता फार लाज वाटली. तो उठून हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसला.

आणि तेवढ्यात रमाईच्या फोटोवरची दिव्यांची माळ विझली.

जयंतीच्या दिवशी माळ विझलेली बेबीला चालणार नव्हतं. "कपिल, बघ रे जरा," म्हणून ती खीर गरम करायला आत वळली. कपिल स्टूलवर चढला. माळेतला एक दिवा सैल झाला होता, बोटाने आवळला की झालं. त्याने हात वर नेला.

"पेंटो खाली?" सोफ्यावरून गुणवंतने विचारलं.

हे या घरचं रीतरिवाजातलं वाक्य. इलेक्ट्रिक शेडमध्ये इंजिनाच्या यंत्रांना हात लावणाऱ्याने विचारायचं किंवा त्याच्या वतीने कुणी ओरडायचं, आणि पेंटोच्या बटणापाशी उभ्या माणसाने "पेंटो खाली!" असं उत्तर दिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. वर तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, तिथे अंदाज चालत नाही. गुणवंतने तीच शिस्त घरी आणली. मिक्सर असो, इस्त्री असो, बेसमेंटमधला हीटर असो, एकजण विचारायचा आणि प्लगपाशी असलेल्याने उत्तर द्यायचं. यामिनी लग्न होऊन आली तेव्हा टोस्टर साफ करताना हे ऐकून ती पोट धरून हसली होती. आता तीही विचारायची.

आज मात्र प्लगपाशी कुणी नव्हतं. बेबी आत होती. कल्याणी खिडकीत पाठमोरी उभी होती. कपिलचा हात हवेत तसाच थांबला.

"अरे लाव की हात!" सुखदेव हसला. "तुम्ही इलेक्ट्रिकवाले उत्तराची वाट बघत म्हातारे व्हाल. तिथे कुणी नाहीये, कोण बोलणार?"

कपिल स्टूलवरून खाली उतरला. माळ तशीच ठेवून तो बेसमेंटमध्ये गेला.

यामिनी खाली पोचली तेव्हा तो वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच वाचत होता.

"मीच लिहिलंय," तो म्हणाला. "अगदी सुरुवातीला, चौघींच्या कॉमन भागात. स्टार्ट करण्याआधी विचार, पेंटो खाली? उत्तर येईपर्यंत थांब. मला ते लिहिताना विचारसुद्धा करावा लागला नाही, यामिनी. आपल्या घरात कुणी विचारल्याशिवाय फ्रिज तरी पुसतं का?"

"पण तिसरी तर..."

"तिसरीला पेंटो आहे. तो खाली असतो, तसं उत्तर येतं. बेंचवर उत्तर आम्हीच देत होतो, नेहमी हो. धाकटीच्या टपावर काहीच नाही. ती बिचारी काल सकाळपासून प्रश्न विचारतेय आणि उत्तर द्यायला कुणी नाही." त्याने डोळे पुसले. "आठ माणसं थंडीत तिच्या बॅटऱ्या बदलतायत माझ्यामुळे."

यामिनी पायरीवर बसली. कंपनी, मॉर्गेज, मॅनेजरची ताकीद, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. कपिल ते वाचू शकत होता, कारण तेच त्याच्याही डोळ्यांपुढे होतं.

"मंडेला प्रोसेसमध्ये सांगितलंस तर?" तिने विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. "नको. ताई वर खिडकीत उभी आहे. तिला आत्ता सांग. मग मॅनेजरला फोन कर आणि त्यालाही सरळ सांग. ओरडेल तर ओरडू दे."

कल्याणी यार्डात परत जायला निघाली होती. ड्राइव्हवेमध्ये ती गाडीमागचा बर्फ शोव्हल करत होती. हळूहळू नाही, कुणाचा तरी सूड घेतल्यासारखा. कपिल जॅकेट न घालताच बाहेर आला आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं.

तिने शोव्हल बर्फात रोवला.

"काल मी तुला तीन फोन केले, कपिल."

"हो."

"मी माझ्या टीमला म्हटलं, माझा भाऊ आहे तिथे, तो म्हणतो ठीक आहे म्हणजे ठीक आहे. मी तुझ्यासाठी भांडले."

"सॉरी, ताई."

तिला रडू आलं आणि रडता रडताच हसू फुटलं. "टोस्टर!" ती म्हणाली. "म्हणजे आपण नव्वद टनाचं इंजिन टोस्टरसारखं अडवून ठेवलंय!" मग तिने डोळे कोरडे केले आणि ती पुन्हा इंजिनिअर झाली. "तो चेक काढून टाकायचा नाही हं. बाकी तिघींना तो लागतो. पेंटो वर असताना स्टार्ट झालं तर कुणाचा तरी जीव जाईल."

"काढत नाही. आधी दुसरा प्रश्न विचारायचा. तू प्रत्येक मॉड्यूलच्या प्लगमध्ये त्याचं नाव ठेवलंयस ना? ट्रान्सफॉर्मर म्हणतो मी ट्रान्सफॉर्मर, टाकी म्हणते मी टाकी. टपही सांगतो की मी सपाट आहे. पहिल्या दिवसापासून सांगतोय. मी विचारलंच नव्हतं."

प्लगमध्ये नाव ठेवायचा हट्ट कल्याणीचा एकटीचा होता आणि त्यापायी तिने मीटिंगांमध्ये कितीतरी टोमणे खाल्ले होते.

"जॅकेट घाल," ती म्हणाली. "आणि फोन लाव."

मॅनेजर ओरडला. बराच ओरडला. पण ओरडून झाल्यावर त्याने लॅब उघडायला सांगितली, सेफ्टीची तपासणी करणाऱ्या बाईंना रविवारच्या दुपारी घरून बोलावलं आणि स्वतःही आला. कपिल निघाला तेव्हा बेबीने त्याच्या हातात पुऱ्यांचा डबा दिला. लॅबमध्ये जे कुणी असतील त्यांना सगळ्यांना पुरेल एवढा.

घरात गुणवंत मात्र सोफ्यावर खाली मान घालून बसला होता. यामिनीने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं आणि त्याने त्यातून एकच अर्थ काढला होता.

"म्हणजे माझ्यामुळेच," तो म्हणाला. "मीच हे पोरांच्या डोक्यात भरलं. लेकीचं सहा वर्षांचं काम माझ्या एका वाक्याने अडवलं."

सुखदेवच्या तोंडावर चेष्टा तयार होती. यामिनीला ती दिसलीही. पण म्हाताऱ्याने ती गिळली, आणि तो उठून भावाशेजारी जाऊन बसला.

"गुण्या," तो म्हणाला. या नावाने त्याने हाक मारून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. "तू भुसावळला गेलास तेव्हा मला राग आला होता, खरं आहे. पण खरं सांगू, मला भीती वाटायची. डिझेलने माणूस काळा होतो, फार तर बोटं चेमटतात. तुझ्या त्या तारेखाली माणूस राहतच नाही. तू नोकरीत होतास तोवर घरी पोस्टमन तार घेऊन आला की आधी मी बसून घ्यायचो. तू धडधाकट रिटायर झालास तो या एका वाक्यावर. त्याला नावं ठेवू नकोस."

गुणवंतने भावाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बेबी खिरीच्या वाट्या घेऊन आली होती, ती तशीच मागे फिरली.

सोमवारी सकाळी यार्डात इतकी थंडी होती की बोलणाऱ्याच्या तोंडची वाफ शेजारच्याच्या चष्म्यावर बसत होती. कस्टमरची माणसं लांब कोट घालून रांगेत उभी होती. त्यांच्यातल्या एकाच्या हातात दुसऱ्या कंपनीचा कॅटलॉग होता आणि तो त्याने लपवायचीही तसदी घेतली नव्हती. कल्याणी केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली. तिच्यामागे, कालपासून न झोपलेला कपिल.

ड्रायव्हरने स्टार्ट दाबलं. ऑइल पंप सुरू झाला. दिवे हिरवे झाले. स्क्रीनवर अक्षरं आली: वेटिंग.

कल्याणीने कपिलचं मनगट पकडलं.

मग त्याखाली दुसरी ओळ उमटली: रूफ, नो पँटोग्राफ. आणि लगेच तिसरी: क्लिअर टू स्टार्ट. पायाखालून एक धक्का आला, दुसरा आला, आणि धाकटी धडधडत जागी झाली. सगळी केबिन थरथरू लागली. खाली उभ्या लांब कोटांपैकी एकाची टोपी उडाली. ड्रायव्हर मागे वळून काहीतरी म्हणाला, ते आवाजात ऐकूच आलं नाही, पण त्याचे सगळे दात दिसत होते. कल्याणीने भावाला मिठी मारली आणि त्याच्या कानात मोठ्याने ओरडली, "चल, घरावरून जाऊ!"

ट्रायलचा रस्ता मिल्टनवरूनच होता. घरची माणसं प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी होती. बेबीने स्नो बूटांवर कालच्या वंदनेचीच पांढरी साडी नेसली होती आणि वरून गुणवंतचं जॅकेट घातलं होतं. वळणावरून दिवा दिसला. रुळांतून थरथर आली. मग रिकाम्या डब्यांची लांबलचक गाडी ओढत, बर्फ उधळत धाकटी समोरून गेली आणि तिने भोंगा असा दिला की पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजू लागले. सुखदेवने कानटोपी काढून छातीशी धरली होती. गुणवंत तिच्या सपाट टपाकडे बघत होता.

"सुंदर आहे रे, दादा," तो म्हणाला. "डिझेल असून."

संध्याकाळ व्हायच्या आत कल्याणीचा फोन आला. बेबीने स्पीकर लावला. "आई, घेतल्या! चारही घेतल्या! आणि त्यांनी विचारलं, पाचवी कधी करताय?" बेबीने नुसतंच मोबाइलवरून हात फिरवला, आणि त्यामुळे फोन कट झाला.

दोघं बहीणभाऊ घरी पोचले तेव्हा मडरूममध्ये बूट ठेवायला जागा उरली नव्हती. शेजारपाजारचे, असोसिएशनचे, बातमी कळलेले सगळे येऊन बसले होते. कल्याणी आल्या आल्या वडिलांच्या पाया पडली, आणि मग मोठेबाबांच्या. गुणवंत तिला म्हणाला, "माझा विश्वास नव्हता. आता आहे." एवढंच तिला ऐकायचं होतं.

हॉलमध्ये उजेड कमी होता. रमाईच्या फोटोवरची माळ कालपासून विझलेलीच होती, घाईत तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. सुखदेवने ती पाहिली. कुणाला काही न सांगता त्याने स्टूल ओढलं आणि गुडघ्यावर हात रोवत तो वर चढला. त्याने सैल झालेल्या दिव्याकडे हात नेला आणि तो मध्येच थांबला. आयुष्यभर डिझेलमध्ये काढलेल्या त्या माणसाने मागे वळून घराला विचारलं:

"पेंटो खाली?"

गुणवंत लगबगीने प्लगपाशी गेला, त्याने बटण बंद केलं आणि शेडमध्ये द्यायचा तसं खणखणीत उत्तर दिलं.

"पेंटो खाली, दादा!"

सुखदेवने दिवा आवळला, आणि गुणवंतने बटण लावलं.